एकोणिसावा प्रश्न

डॉक्टर मुकादमबाईंनी मला समोर बसवलं आणि पहिलंच वाक्य टाकलं, "आजी, यात एकसुद्धा थाप चालणार नाही हं."

मी गारच पडले. म्हटलं, माझी कीर्ती मुंबईपर्यंत पोचली की काय! गावात ठीक आहे. मी तोंड उघडलं की आमच्या आळीतल्या बायका आधी हसून घेतात आणि मग ऐकतात. एकदा वाघ आमच्या पडवीत येऊन चहा पिऊन गेला, तोही बिनसाखरेचा, कारण बिचाऱ्याला डायबेटिस होता, हे मी देवळात शपथेवर सांगितलेलं आहे. पण ही बाई रत्नागिरीकडची असली तरी आमच्या गावात कधी आलेली नव्हती.

"सगळ्यांनाच सांगते मी," ती हसली. "घरातलं झाकायला जातात माणसं, आणि नुकसान पेशंटचं होतं."

पेशंट म्हणजे आमचे हे. रघुवीर शिवलकर, वय पंचाहत्तर, धंदा हापूसची कलमं बांधण्याचा. पन्नास वर्षांत यांनी बांधलेलं कलम वाया गेलं नाही. खुंटावर काडी ठेवायची, पट्टी गुंडाळायची, की पंधरवड्यात दोघांच्या शिरा एक. आणि अशा माणसानं आदल्या वर्षी गणपतीनंतर एका दिवसात चाळीस काड्या उलट्या बांधल्या. काडीचे डोळे खाली, बूड वर. मी म्हटलं, "अहो, आंबे काय जमिनीत लावायचेत?" हे माझ्याकडं बघत राहिले आणि दारापुढच्या खळ्यात आडवे झाले. झटका आला होता. कानाच्या वर, डोक्यात, आवळ्याएवढी गाठ निघाली. ग्लायोब्लास्टोमा. नावच असं की म्हणता म्हणता माणूस मरावा.

एकदा कापून काढली, वर किरण दिले. सात महिन्यांत परत तिथंच. म्हणून आम्ही मुकादमबाईंकडं आलो होतो. तिच्याकडं नवी पद्धत होती.

"पूर्वी आम्हाला वाटायचं, गाठीचं रक्त तोडलं की गाठ मरेल," ती म्हणाली. हे पलंगावर उठून बसले होते, सगळं कान देऊन ऐकत होते. "गाठीत शंभरातल्या चार-पाच पेशी मूळपेशी असतात. बाकीची सगळी प्रजा त्यांची. औषधानं प्रजा मरते, पण या मूळपेशी दबा धरून बसतात. त्यांना भूक लागली की एक रसायन सोडतात आणि आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांना हाक मारतात, इकडे फांद्या फोडा. आम्ही ती हाक बंद करणारं औषध काढलं. थोडे महिने बरं वाटायचं, की पुन्हा तेच."

"बांडगूळ," हे म्हणाले.

"बांडगूळ परवडलं, काका. ते झाडाचं पाणी चोरतं, पण वेगळं दिसतं तरी. या मूळपेशी स्वतःच रक्तवाहिनी होतात. रूप बदलून नळीच्या भिंतीत जाऊन बसतात. हाक मारायची गरजच उरत नाही. वरून बघितलं तर नळी अगदी तुमचीच वाटते."

यांनी एका बोटावर दुसरं बोट कलमासारखं टेकवलं. मग म्हणाले, "म्हणजे खुंट माझा, काडी तिची, आणि सांधा कुठं ते कळत नाही."

"अगदी तसंच. पण आता आमच्याकडे एक रंग आहे. तो फक्त गाठीच्या पेशींनी बांधलेल्या भिंतींना धरतो. केसाएवढी तार मनगटातून वर न्यायची, खोटी नळी शोधायची, टोकाला मोहरीएवढा फुगा असतो तो फुगवायचा. चार मिनिटं रक्त बंद. सगळं ठीक राहिलं तर आत चिकाचा थेंब सोडायचा, की नळी कायमची बंद. गाठ उपाशी मरते."

"आणि ठीक नाही राहिलं तर?" मी विचारलं.

तिथंच सगळं होतं. काही नळ्या मिश्र असतात. अर्धी भिंत गाठीची, अर्धी आपली, आणि त्यावर चांगला मेंदूही जगतो. ती बंद केली तर त्या मेंदूत जे असेल ते गेलं. म्हणून पेशंटला जागं ठेवायचं. एकेक नळी बंद करायची, चार मिनिटांत घरच्या माणसानं प्रश्न विचारायचे. उत्तर बरोबर आलं तर चीक. चुकलं तर फुगा लगेच सोडायचा, नळी तशीच ठेवायची. कुठल्या बोळात काय आठवण आहे हे मशीनला कळत नाही. ते फक्त घरच्यांनाच.

"चाळीस प्रश्न," ती म्हणाली. "खरी उत्तरं आधी भरून द्यायची. आजी, माणूस पुरता परत हवा असेल तर खरी."

मला पुरताच हवा होता. अर्धा घेऊन काय करणार? थापेला खळखळून हसणारा आणि लोकांपुढं कधी खोडून न काढणारा असा नवरा मला दुसरा कुठून मिळणार होता?

*

प्रश्न आम्ही हॉस्पिटलच्या मागच्या लॉजवर भरले. आम्ही म्हणजे मी आणि जुई, माझी नात, नऊ वर्षांची. तिला घरी कुणाकडं ठेवणार? हॉस्पिटलनं दिलेलं यंत्र प्रश्न वाचायचं, आपण उत्तर बोलायचं, की लिहून घ्यायचं. जुई ते मांडीवर घेऊन बसली होती.

पहिले अठरा मी सरळ दिले. लग्न कुठं झालं, घरात विहीर कुठल्या बाजूला, सासूबाई कशानं गेल्या. एक शब्द वाढवला नाही. जीभ वळवळत होती हो, पण आवरली. जुईच म्हणाली, "आजी, आज तुला बरं नाही का?"

मग एकोणिसावा प्रश्न आला. यंत्र गोड आवाजात म्हणालं, "तुमची मुलं कुठे असतात? काय करतात?"

जुईनं मान वर केली.

आता हे सांगायलाच हवं. आमचा एकुलता एक मुलगा प्रथमेश आणि सून सायली, दोघं सहा वर्षांपूर्वी घाटात गेले. ट्रक मागून आला. जुई त्या दिवशी आमच्याकडं होती, तीन वर्षांची. आठव्या दिवशी तिनं विचारलं, आई-बाबा कुठंत? घरात सुतक, माझं डोकं ठिकाणावर नाही. आणि मी म्हटलं, "बोटीवर." आमच्याकडं दर तिसऱ्या घरातला माणूस बोटीवर असतो. तोंडात सहज आलं. हे दारात उभे होते. यांनी आयुष्यात पायरीला हापूस म्हणून विकलं नाही. यांनी तोंड उघडलं, पोरीकडं बघितलं, आणि नुसते खाकरले.

मग काय, बोट निघाली ती निघालीच. मी तिला दक्षिण ध्रुवाला नेलं. प्रथमेश समुद्राच्या तळाशी केबल टाकतो, सायली तिथल्या लोकांना इंजेक्शन देते, फोन लागत नाही कारण वारा शब्द उडवून नेतो. पेंग्विनांच्या चित्रांची पत्रंसुद्धा आली. मीच रत्नागिरीत छापून आणली, यांनी त्यावर कलमांच्या पिशव्यांवरचा शिक्का उलटा मारला. पोरगी विचारायची तेव्हा मी अर्धा तास सांगायचे. हे एकच वाक्य बोलायचे, "बोटीवर आहेत, बाळा." मग खाकरायचे आणि मागल्या दारी जायचे. दरवर्षी तिथीला पहाटे होडीनं खाडीपलीकडं जाऊन कावळ्याला पान ठेवून यायचे. इथं ठेवलं तर पोर विचारील ना. घरात हार घातलेला फोटो नाही, कागद नाही, काही नाही. सगळ्या गावाला मी दम भरून ठेवला होता.

"तुमची मुलं कुठे असतात?" यंत्रानं परत विचारलं.

"बोटीवर," मी म्हटलं. "दोघंही."

जुई परत मान खाली घालून यंत्र धरून बसली. मी ठरवलं, ही झोपली की बाईंना फोन करून सांगीन. ती झोपली. मी फोन हातात घेतला. मग मनात म्हटलं, चाळीसातला एक. एकानं काय होतं?

*

सकाळी दहाला सुरू झालं. काचेच्या अलीकडं मी माइक घेऊन, शेजारी तुषार नावाचा टेक्निशियन मुलगा उत्तरांवर टिक करायला. जुई माझ्या मागं स्टुलावर. पलीकडं हे, डोकं पट्ट्यांत अडकवलेलं, डोळे उघडे. भिंतीवरच्या पडद्यावर यांच्या डोक्यातलं झाड दिसत होतं. खऱ्या फांद्या तांबड्या, खोट्या काजव्यासारख्या हिरव्या. खोट्याच जास्त देखण्या होत्या.

"अहो, आपल्या लग्नात काय झालं होतं?"

"बेंडबाजावाल्यांचा ढोल विहिरीत पडला," हे म्हणाले. "आणि तू हसत सुटलीस, अंतरपाटामागं. भटजी चिडले."

"बरोबर," मी म्हटलं. चीक. पडद्यावरचा एक काजवा विझला.

अशा दहा विझल्या. अकराव्या नळीला मी विचारलं, "तुमच्या आईचं नाव?" हे हसले. ओठ हलले. मग चेहऱ्यावर असं काही आलं, जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखं. "माझी... ती... तांदूळ निवडायची ती..." बाई आतून ओरडली, "सोडा, सोडा फुगा!" अर्ध्या मिनिटात हे म्हणाले, "भागीरथी. असं काय विचारतेस?" ती नळी तशीच ठेवली. म्हणजे हे असं असतं. समोर बसलेला माणूस जाताना दिसतो.

मग ती जाड नळी आली. सगळ्यांत जाड, वळणावळणाची. बाईचा आवाज आला, "आजी, ही गाठीची मुख्य लाइन. ही बंद झाली तर जिंकलो." फुगा फुगला. घड्याळ सुरू. तुषारनं यंत्राकडं बघून सांगितलं, "एकोणिसावा."

मी माइक तोंडाजवळ धरला. "अहो," मी म्हटलं, "आपली मुलं कुठं असतात?"

"बोटीवर आहेत," हे म्हणाले.

खाकरले नाहीत.

सहा वर्षांत एकदाही असं झालं नव्हतं. अगदी स्वच्छ बोलले, तोंडभर हसून, जसं एखादा बाप शेजाऱ्याला कौतुकानं सांगतो. मला कळलं. त्याच क्षणी कळलं. पडद्यावर टिक आली, पण तो माणूस तिथून गेला होता.

"बरोबर का, आजी?" तुषारनं विचारलं. "मशीन हो म्हणतंय. पण तुम्ही म्हणायला लागतं."

चार मिनिटांतली दोन गेली होती. एक शब्द पुरला असता, थांबा. पण थांबा म्हटलं तर का ते सांगायला लागलं असतं, आणि मागं स्टुलावर पोर होती. थांबा म्हटलं असतं तर ती जाड नळी तशीच राहिली असती आणि गाठीनं यांना खाल्लं असतं. या दोनांतलं खरं कारण कुठलं, हे मला आजही सांगता येत नाही.

"बरोबर," मी म्हटलं.

काजवा विझला. पलीकडं सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

*

गाठ मेली. दोन महिन्यांनी फोटो काढला तर तिथं सुरकुतलेल्या कोयीसारखं काहीतरी होतं, बस्स. हे चालत घरी आले. काड्या सरळ बांधायला लागले. आळीतल्या बायका म्हणाल्या, यमाला थाप मारून नवरा परत आणलास. मी हसले. मला वाटायला लागलं, चुकलंच असेल माझं, बोटीवर म्हणताना त्या दिवशी घसा बरा असेल त्यांचा.

मग एका दुपारी, जुई शाळेत असताना, हे भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "प्रथमेशचा फोन नाही गो बऱ्याच दिवसांत."

मी पातेलं खाली ठेवलं. "अहो, जुई घरात नाहीये."

"मग? तिला कशाला पाहिजे? मी विचारतोय."

तिथीच्या पहाटे मी पानाची तयारी करून यांना उठवलं. "होडी थांबलीय."

"कुठं जायचंय?"

"पान ठेवायला."

"कुणाचं?" अगदी साधं विचारलं. "आईचं तर पौषात असतं."

त्या वर्षी पान मी एकटी घेऊन गेले.

मुकादमबाईला फोनवर सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आजी, रोज घोकलेलं वाक्य पाढ्यासारखं वेगळीकडे राहतं. ते कुठलीही नळी बंद केली तरी येतं. पण जे एकदाच घडलं, घाव बसावा तसं, ते तिथं होतं. तुम्ही ज्या प्रश्नानं तपासायचं तो पाढाच निघाला." रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "आता सांगितलंत तर त्यांना ती बातमी म्हणून कळेल. आठवण म्हणून परत यायची नाही."

मी सांगितलं नाही. म्हटलं, राहू दे बोटीवर. बोटीवर सुखात आहेत. पण वाट बघणारा माणूस एका जागी बसत नाही हो. यांनी पोरांची खोली झाडली, गाद्या उन्हात घातल्या, दोन कलमांना दोघांची नावं दिली. मग एसटी स्टँडवर जाऊन बसायला लागले. आणि मग रागवायला लागले. पोटच्या पोरीचं बारसं केलं तेवढंच, म्हणाले, नंतर ढुंकून बघितलं नाही. बाप मरणाच्या दारातून आला, साधी चौकशी नाही. असला पोरगा होण्यापेक्षा न झालेला बरा. येऊ दे, दारात उभा करणार नाही.

माझा प्रथमेश घाटात गेला तेव्हा त्याच्या शर्टाच्या खिशात यांच्यासाठी घेतलेली कलमं बांधायची नवी सुरी होती. पोलिसांनी ती मला दिली होती. आणि हे त्याला शिव्या देत होते.

त्या दिवशी मी यांच्यासमोर खळ्यात बसले. "अहो, ऐका. प्रथमेश नाहीये. सायली पण नाही. सहा वर्षं झाली. घाटात ट्रकनं मागून धडक दिली. तुम्हीच अग्नी दिलात दोघांना. तुमच्या डोक्यातनं ते गेलं, आणि ते माझ्यामुळं गेलं."

यांनी पट्टी गुंडाळायची थांबवली. माझ्याकडं बघितलं. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. मी पुढं सरकले.

हसत होते.

"अगो, काय काय काढतेस!" डोळे पुसत म्हणाले. "वाघ काय, त्याचा डायबेटिस काय..."

"वाघाचं सोडा! अहो, हे खरं आहे. हा बघा कागद, तालुक्यातनं परत काढून आणलाय मी, दाखला आहे मरणाचा."

यांनी कागद उन्हात धरला. "छान केलायस. शिक्का तर पेंग्विनांच्या पत्रावर होता त्यापेक्षा बरा उठलाय." मग हसू एकदम गेलं. "पण एक सांगतो. थापेला काही हद्द असते. पोरांवर रागावलो म्हणून काय झालं? पोटच्या पोरांबद्दल असलं अभद्र बोलू नये." कागद माझ्या मांडीवर ठेवून पाठ फिरवून बसले. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

मी आत आले. जुई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. दप्तर अजून पाठीवर. शाळा कधी सुटली, मला कळलंच नव्हतं.

"जुई," मी म्हटलं, "तू ऐकलंस ते..."

"मला माहितीये."

"काय माहितीये?"

"आई-बाबांचं. दुसरीत असताना रिक्षात आर्याच्या भावानं सांगितलं." तिनं दप्तर काढून खुंटीला लावलं. "मग मी शाळेतल्या कॉम्प्युटरवर बघितलं. बातमी होती. गाडीचा फोटो पण."

मी चुलीजवळच्या पाटावर बसले. "दुसरीत? मग बोलली का नाहीस गं?"

"तू किती छान सांगायचीस," ती म्हणाली. "आणि आबा मागल्या दारी जायचे. मला वाटलं, मला कळलं हे तुम्हाला कळलं तर तुम्ही दोघं रडत बसाल."

म्हणजे लॉजवर जिच्यासाठी मी ते उत्तर दिलं, तिला ते लागतच नव्हतं. काचेमागं जिच्यापासून झाकलं, तिच्यापासून झाकायचं काही नव्हतं. मी सगळं हिशोबानं करायला गेले आणि खरं माहीत असलेल्या आम्हा तिघांतला एक माणूस विझवला. सगळं डोळ्यांपुढून एकदा गेलं. तिनं बघितलं असावं माझ्या तोंडाकडं.

"आजी," ती हळू म्हणाली, "त्या दिवशी तू 'बरोबर' म्हणालीस, ते माझ्यामुळं का?"

"नाही गं बाय. तुझा काय संबंध!"

तिनं मान हलवली. पटलं की नाही, ते मला कळलं नाही.

बाहेरून यांचा आवाज आला. "जुई! आलीस का? तुझ्या बापाला फोन लाव बघू. लागेपर्यंत लाव. आज मी बोलतो त्याच्याशी, चांगला सोलून काढतो."

जुईनं मोरीवर जाऊन तोंड धुतलं, फ्रॉकला पुसलं. मी तिचा हात धरला. तिनं तो हलकेच सोडवून घेतला आणि बाहेर गेली.

"आबा, आत्ताच येऊन गेला फोन. तुम्ही कलमांत होतात. खूप हाका मारल्या मी."

"आला?" यांचा आवाजच बदलला. "काय म्हणाला?"

"म्हणाले, आबांना सांग, मी रोज लावतो. पण तिकडं एका देवमाशानं केबल गिळलीय, पंधरा किलोमीटर. बाबा बोलले की आवाज त्याच्या पोटातनं येतो."

"अरे देवा!" हे हसले. किती तरी महिन्यांनी असे हसले. "आणि मग?"

"मग काय," जुई म्हणाली, आणि त्यांच्या शेजारी खळ्यात मांडी घालून बसून पुढचं सांगायला लागली, एकदाही न अडखळता.